नाते : भाडेकरू

पत्र मावशीच्या नावावर आलं होतं, पण फोडलं मी. यात आगाऊपणा काही नव्हता. आमच्या घरात सरकारी पाकिटं फोडायचं खातं गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. छापील फॉर्म दिसला की आईला लगेच गॅसवर काहीतरी करपत असल्याची आठवण होते, आणि बाबा चष्मा शोधायला म्हणून जे जातात ते एकदम जेवायलाच उगवतात. त्यामुळे वीजबिल, पाणीपट्टी, घरपट्टी, शाळेची संमतिपत्रं, सगळं मीच बघते. बाबा मला 'हेड ऑफिस' म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, हल्ली खरंच म्हणतात.

तर पत्रात लिहिलं होतं : 'परवडणाऱ्या घरांच्या योजनेतील आपला अर्ज अपात्र ठरवण्यात येत आहे. कारण : अर्जदार कुटुंबाच्या मालकीच्या घरात राहते. हरकत असल्यास सात दिवसांच्या आत खिडकी क्रमांक चारवर पुराव्यासह हजर राहावे.'

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून आमच्याकडे आलंय. दुसऱ्यांदा नाव, पत्ता, 'मागील खोली' हे सगळं जुळलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा डोक्यात उजेड पडला की मावशीने घरासाठी अर्ज केला होता. म्हणजे मावशीला आमच्याकडून जायचं होतं. आणि हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, हेड ऑफिसलासुद्धा नाही.

मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. आईला बहीणच नाही. मी चार वर्षांची असताना मावशी आमच्या मागच्या खोलीत दोन महिन्यांसाठी भाड्याने राहायला आली, एक शिलाई मशीन आणि दोन पेट्या घेऊन. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत. ती चेनी बसवते. दप्तरांच्या, जॅकेटांच्या, बुटांच्या, तंबूंच्या. अडकलेली चेन हातात घेतली की ती आधी चेनीच्या दातांवर मेणबत्ती घासते, मग रनर हळूच खाली ओढते, आणि दहातल्या सात चेनी तेवढ्यावरच ताळ्यावर येतात. त्याचे ती पैसे घेत नाही. आई म्हणते, हिला धंदा कळत नाही. मावशी म्हणते, मेणबत्तीचे काय पैसे घ्यायचे.

आता यातली खरी गंमत सांगते. ती योजना मला तोंडपाठ होती. महिनाभरापूर्वीच शाळेच्या 'आपलं शहर' प्रकल्पात मी तीच घेतली होती. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात 'हजर' इतक्या हळू म्हणायचे की माझी गैरहजेरी लागायची. मग वक्तृत्व स्पर्धेत एका आजारी मुलीच्या जागी मला ढकललं, मी बोलले, नंबर आला, आणि तेव्हापासून हिला थांबवायचं बटण सापडत नाही असं आई सगळ्यांना सांगते. तर मी फळ्याएवढा कागद घेतला आणि बाण काढले. एक बाण बिल्डरपासून : ज्याला वीसपेक्षा जास्त घरांची इमारत बांधायची असेल त्याने दहातलं एक घर स्वस्तात द्यायचं, ते नको असेल तर त्याऐवजी पालिकेकडे शुल्क भरायचं. दुसरा बाण आपल्या सगळ्यांपासून : घरपट्टीच्या बिलात 'गृहनिधी' नावाची नवी ओळ आली आहे ना, ती. दोन्ही बाण एका पेटीत जातात. पेटीतून तिसरा बाण निघतो. घराची खरी किंमत आणि गरजू माणसाला झेपेल ती किंमत, यांच्यातलं अंतर तो भरून काढतो. शेवटी मी छत्री घेतलेला एक काडीचा माणूस काढला आणि खाली लिहिलं, 'गरजू माणूस'.

टाळ्या पडल्या. बाईंनी विचारलं, "हा गरजू माणूस कोण गं?"

मी म्हटलं, "कुणीही असू शकतो, बाई."

वर्गाला ते उत्तर फार आवडलं. मलाही. तो माणूस आमच्याच मागच्या खोलीत बसून चेनी लावत असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी पत्र घेऊन मागच्या खोलीत गेले. त्या खोलीला बाहेरून दार नाही, स्वयंपाकघरातून आत जायचं. मावशी एका भल्यामोठ्या जॅकेटशी झटत होती.

"मावशी, तुझं पत्र आलंय."

"फोडलंस ना? मग काय म्हणतंय ते सांग."

"नाही म्हणतंय."

तिचा मेणबत्तीचा हात थांबला नाही. "बरं," ती म्हणाली.

"बरं काय? तू अर्ज केलास आणि सांगितलं नाहीस."

"मिळालं असतं तर सांगणारच होते. नाही मिळालं, तर आता सांगायला उरलं काय? आणि उरलं होतं ते तूच मला सांगितलंस."

"पण का? आम्ही काय केलं?"

"काही नाही केलंत. म्हणून तर अकरा वर्षं गेली."

"मग?"

तिने जॅकेट बाजूला ठेवलं. "मला सांग, मी या खोलीचं दार कधी आपटलंय?"

मी आठवून बघितलं. "नाही."

"तुझी आई आपटते. तू तर बिजागऱ्या ढिल्या केल्यास. तुझे बाबा दार नाही आपटत, पण मोरीतली बादली आपटतात. मी अकरा वर्षांत एकदाही नाही. राग आला तरी हळूच लावते. मशीन नऊला बंद करते. पाणी प्यायला स्वयंपाकघरात यायचं तर आधी खोकते. कुणी सांगितलंय का? नाही. पण करते. मला एकदा दार आपटायचंय बघ."

"मग आपट ना आत्ता."

"इथे नाही गं. इथे आपटलं तर तुझी आई हातातलं टाकून धावत येईल, काय झालं, काय झालं करत."

मी पत्राची घडी पुन्हा उलगडली.

"कारण काय दिलंय?" तिने विचारलं.

"अर्जदार कुटुंबाच्या मालकीच्या घरात राहते."

"कुठल्या कुटुंबाच्या?"

"आपल्या," मी म्हटलं, आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडतो न पडतो तोच मी पत्र खाली ठेवलं. कारण मला गेल्या वर्षीचा घरपट्टीचा फॉर्म आठवला.

तो फॉर्म मी भरला होता. माझा पहिला फॉर्म. त्यात विचारलं होतं, घरात किती माणसं, त्यांचं मालकाशी नातं काय, आणि घराचा कुठला भाग भाड्याने दिलाय का. भाड्याच्या भागाला पट्टी जास्त लागते. मी स्वयंपाकघरात ओरडून विचारलं होतं, "आई, मावशीचं काय लिहू? भाडेकरू?" आई भांडी घासत होती. तिने भांडं दाणकन ठेवलं. "भाडेकरू म्हणे. ऐकलं तिने तर काय वाटेल तिला? घरचीच आहे ती." मग मी लिहिलं, 'कुटुंबातील व्यक्ती : चार.' आणि भाड्याच्या रकान्यात लिहिलं, 'निरंक'. निरंक हा शब्द मला फार आवडला होता. तो लिहिल्यावर मला मी कुणीतरी मोठी अधिकारी असल्यासारखं वाटलं. पुढे बिल आलं ते कमी आलं. वाचलेल्या पैशातून मला वक्तृत्वाचे काळे बूट घेतले. आई शेजारीपाजारी सांगत सुटली, आमच्या मुलीने घरपट्टी कमी केली.

मावशीला हे सांगताना मी पहिल्यांदाच पुन्हा जुन्यासारखं बोलले, म्हणजे ऐकूच येणार नाही इतकं हळू. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घरची असं लिहिलंस?"

"हो."

"आईने सांगितलं तसं?"

"हो."

तिने जॅकेट पुन्हा मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता रागावेल. पण तिचा चेहरा रागाचा नव्हता. आनंदाचाही नव्हता. तो कसला होता हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी बाबा आले आणि मी टेबलाशी बसून सगळ्यांसमोर विषय मांडला. बाबा फरशी बसवतात. त्यांच्या नखांत कायम सिमेंट असतं आणि बोलताना ते बोटाच्या पेराने टेबल वाजवतात, कारण दिवसभर तेच करतात. फरशी बसवून वाळली की टिचकी मारून ऐकायचं. भरीव वाजली तर ठीक, पोकळ वाजली तर खाली माल कमी पडलाय, पुन्हा काढा.

"कुठली इमारत?" बाबांनी विचारलं.

मी पत्रातला पत्ता वाचला. बाबांचं बोट थांबलं.

"तिथेच तर आहे मी दोन महिने. मागच्या बाजूची बारा घरं माझ्याकडे आहेत."

"बारा म्हणजे तीच. स्वस्तातली."

"आता समजलं," बाबा म्हणाले. "मुकादम मागेच बोलला होता. पालिकेचा नियम आला, त्यात बिल्डरचं कंबरडं मोडलं, म्हणून यंदा फरशीचा दर कमी. म्हणजे माझी मजुरी कापली ती हिच्या घरापायी. आणि आपल्या घरपट्टीत ती नवी ओळ आली..."

"गृहनिधी."

"तीही हिच्या घरापायी. आणि हीच त्या घरात नाही. मग मी फरशी बसवतोय कुणासाठी?"

"गरजू माणसासाठी," मी म्हटलं.

बाबांनी मावशीकडे बघितलं. मावशीने बाबांकडे बघितलं. "ही गरजू?" बाबा म्हणाले. "मागच्या महिन्यात माझ्याच पँटची चेन फुकट बसवून दिलीन हिने."

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासते, आणि एखादी काच फुटली की तिचा चेहरा होतो तसा झाला होता.

"मला सांगितलं असतंस तर," आई मावशीला म्हणाली.

"तर काय केलं असतंस?"

आईने खरंच विचार केला. "तर नाही म्हटलं असतं," ती म्हणाली.

"म्हणून नाही सांगितलं."

मी म्हटलं, उपाय सोपा आहे. सात दिवस आहेत. फॉर्म दुरुस्त करायचा, मावशी भाडेकरू आहे असं लिहून द्यायचं, गेल्या वर्षीचा पट्टीतला फरक आणि वर थोडा दंड भरायचा. मी हे इतक्या ऐटीत सांगितलं की मलाच वाटलं, संपला विषय. पण बाबा टेबल वाजवत बसले होते.

"थांब, हेड ऑफिस. मला नीट कळू दे. हिला भाडेकरू म्हटलं की आपली पट्टी वाढणार."

"हो."

"वाढलेल्या पट्टीतला थोडा पैसा त्या पेटीत जाणार."

"हो."

"पेटीतून हिला घर. ही गेली की खोली रिकामी, म्हणजे पट्टी परत कमी."

"हो."

"म्हणजे आपण जास्त पैसे भरायचे, कशासाठी, तर ही जावी म्हणून. आणि गेली की ही आपली घरची."

"तसं नाही, बाबा," मी म्हटलं, आणि बोट पाण्यात बुडवून टेबलावर बाण काढायला लागले. बिल्डरपासून एक, आमच्यापासून एक, बाबांच्या मजुरीपासून एक, जो प्रकल्पाच्या कागदावर नव्हताच. मावशीकडे जाणारा एक. मग मावशी महिन्याला आईला भाडं देते, तो तिच्यापासून आमच्याकडे. त्यातूनच आई घरपट्टी भरते, तो आमच्यापासून पेटीकडे. बाण गोल फिरून पुन्हा मावशीपाशी आला. शाळेत इतका छान दिसला होता. इथे नुसतं पाणी सांडल्यासारखं दिसत होतं. आईने फडकं घेऊन ते पुसून टाकलं.

"मरू दे ते," मावशी म्हणाली. "दंड भरून मला भाडेकरू करू नका. मी आहे ती बरी आहे."

"बरी आहेस?" आई एकदम उसळली. "मग अर्ज कशाला केलास? आणि भाडेकरू नव्हतीस तर दर एक तारखेला डब्यात पाकीट कोण ठेवतं? मी ठेवते?"

आईला स्वतःलाच ते बोलून धक्का बसला असावा, कारण तिने तोंडावर फडकं धरलं, आणि ते टेबल पुसलेलं फडकं होतं.

"पाकिटं," मी म्हटलं.

ती पाकिटं म्हणजे काय, ते सांगते. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी मावशी फडताळावरच्या बिस्किटांच्या डब्यात एक पाकीट ठेवते. वर निळ्या शाईने महिना, वर्ष आणि 'खोलीभाडे' असं लिहिलेलं असतं, खाली सही. त्याबद्दल कुणी कुणाशी बोलत नाही. आई त्यातले पैसे काढून घेते, पण आईला कोरा कागद टाकवत नाही, त्यामुळे पाकिटाची मागची बाजू घरात वापरली जाते. पावती आम्ही कधी दिलीच नव्हती. तेव्हा पुरावा असलाच तर तो एवढाच होता, आणि तो घरभर विखुरला होता.

दोन दिवस आम्ही घर उलथंपालथं केलं. काही पाकिटं खणात होती, काही बाबांच्या अवजारांच्या पेटीत, काही माझ्या जुन्या वह्यांत खूण म्हणून. एक आईच्या कोटाच्या अस्तरात निघालं. सगळी मिळून सत्याऐंशी भरली. मी ती महिन्यांप्रमाणे लावली आणि वर रबर चढवलं. मागच्या बाजू बघत बसायला वेळ नव्हता. खरं तर होता, पण आई म्हणाली, "बघू नकोस, लाव फक्त."

सहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर आई, मावशी आणि मी खिडकी चारवर गेलो. बाबा कामावर होते. वाचलेल्या घरपट्टीतून घेतलेले ते काळे बूट मी मुद्दाम घातले होते, आणि ते त्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक पावलाला चुंय चुंय करत होते. खिडकीच्या बाईंनी केसांत पेन्सिल खोचली होती आणि दुसरी पेन्सिल त्या शोधत होत्या.

"आदरणीय अधिकारी," मी सुरुवात केली, "आज आपल्यासमोर उभं राहताना..."

"भाषण नको. पुरावा."

मी पाकिटांचा गठ्ठा आत सरकवला. बाईंनी रबर काढलं. एकेक पाकीट बघत गेल्या. महिना, वर्ष, खोलीभाडे, सही. महिना, वर्ष, खोलीभाडे, सही. त्यांची मान हलायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडायला लागला. तेवढ्यात एक पाकीट त्यांच्या हातून उलटं पडलं.

"हे काय?"

मागे आईचं अक्षर होतं. 'साबण, मीठ, दिव्याचा बल्ब, हिच्यासाठी खोकल्याचं औषध, काळा दोरा नको निळा.'

बाईंनी पुढचं पाकीट उलटलं. मागे मी काढलेलं चित्र होतं, सहा वर्षांची असतानाचं. चार माणसं आणि एक शिलाई मशीन, मशीनलासुद्धा डोळे. पुढचं उलटलं. त्यावर बाबांनी मागच्या खोलीचं माप काढलं होतं आणि भिंतीत एक चौकोन करून लिहिलं होतं, 'खिडकी मोठी केली तर मशीनवर उजेड'. ती खिडकी मोठी झाली आहे. ती अशी ठरली होती हे मला माहीत नव्हतं.

मग बाईंनी एक पाकीट उचललं आणि बराच वेळ हातात धरलं. मागे आईने तक्ता केला होता. दर चार तासांनी ताप किती. सहा दिवसांचा. मावशीच्या छातीत कफ झाला होता तेव्हाचा. बाईंनी पाकीट सुलटं केलं. तोच महिना, खोलीभाडे, सही. सही जरा वाकडी होती.

"ही एवढी आजारी होती," बाई आईला म्हणाल्या, "आणि तुम्ही भाडं घेतलंत?"

"तिने ठेवलं," आई म्हणाली. "मी घेतलं नसतं तर ती उठून मशीनवर बसली असती. तुम्ही ओळखत नाही हिला."

मावशी छताकडे बघत होती.

बाईंनी पाकिटांचे दोन ढीग केले, मग ते पुन्हा एक केले. "माझ्यासमोर असलं प्रकरण आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "लोक इथे येऊन सांगतात की भाडेकरू आमचा नातेवाईक आहे. पट्टी वाचवायला. तुम्ही सांगताय, नातेवाईक नाही. आणि पुरावा हा असला. पुढून बघितलं तर भाडेकरू, मागून बघितलं तर घरची. मी धरू काय?"

मागे रांगेतला एक माणूस म्हणाला, "बाई, जे धरायचं ते लवकर धरा." त्याला वाटलं होतं आम्ही पाकिटं विकायला आणली आहेत.

"गेल्या वर्षीचा फॉर्म कुणी भरला?" बाईंनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"मग दुरुस्तीचा तूच भर." त्यांनी एक कागद आणि शोधून सापडलेली पेन्सिल पुढे केली, मग पेन्सिल मागे घेऊन पेन दिलं. "इथे नाव. इथे 'नाते'. मला एकच शब्द लागतो. गोष्ट नको."

मी नाव लिहिलं. मग 'नाते'पाशी आले आणि पेन थांबलं. मी, जिला एवढं बोलता येतं, ती सहा ओळींच्या फॉर्मवर अडकले. आईकडे बघितलं तर ती पंख्याकडे बघत होती. तो बंद होता.

"लिही," मावशी म्हणाली.

"काय लिहू?"

"खरं आहे ते."

"ते कोणतं?" मी विचारलं. मी नाटक करत नव्हते. मला खरोखरच कळत नव्हतं. घरची लिहिलं तेव्हा मी खोटं लिहिलं नव्हतं. आता भाडेकरू लिहिलं तर तेही खोटं नव्हतं. आणि दोन्ही लिहायला जागा नव्हती.

"मी भाडं देते की नाही?"

"देतेस."

"मग झालं तर. आणि अक्षर नीट काढ. तुझं अक्षर घाईत भूत पळाल्यासारखं येतं."

मी लिहिलं, भाडेकरू. इतकं सुवाच्य मी शाळेतही कधी लिहिलेलं नाही. आईने सही केली ती अशी दाबून, की कागदाला भोक पडलं. बाईंनी नेमका त्या भोकावर शिक्का मारला.

"फरक आणि दंड खिडकी दोनवर. पाकिटांच्या झेरॉक्स काढून आणा, फक्त पुढच्या बाजूच्या."

"मूळ पाकिटं परत मिळतील ना?" आईने विचारलं.

"मला काय करायचीत?" बाई म्हणाल्या. पण तो तापाचा तक्ता त्यांनी सगळ्यात शेवटी परत दिला.

घरी येताना आम्ही तिघी एका रांगेत चालत होतो. आई मध्ये. मला वाटलं, आता कुणीतरी रडेल किंवा हसेल, म्हणजे मला कळेल की आपण जिंकलो की हरलो. तसं काहीच झालं नाही. मावशी म्हणाली, "तुझ्या बुटांना मेणबत्ती लाव. आवाज जाईल." आई म्हणाली, "बुटांना मेणबत्ती लावतात का?" मावशी म्हणाली, "मी लावते." मग घर येईपर्यंत त्या दोघी मेणबत्तीवर भांडल्या.

दोन महिन्यांनी दुसरं पत्र आलं. ते मी फोडलं नाही. सरळ मागच्या खोलीत नेऊन दिलं आणि दाराशी उभी राहिले. मावशीने कात्रीने कडा कापली, वाचलं, आणि माझ्याकडे सरकवलं. तिसरा मजला, बारा घरांतलं नववं.

घर ताब्यात मिळालं त्या दिवशी आम्ही सगळे सामान घेऊन गेलो. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या. बाबांनी आत पाऊल टाकलं आणि खाली बघून म्हणाले, "हे नववं होय." त्यांना प्रत्येक घर फरशीवरून ओळखता येतं, कारण मागच्या बाजूच्या घरांना पुढच्या घरांतला उरलेला माल दिला होता, तीन वेगळ्या लॉटचा, रंगात थोडा थोडा फरक. बाबांनी तो इतका हुशारीने लावला होता की वेगळ्या रंगाची ओळ बरोबर पलंगाखाली जाईल. कुणाचा पलंग, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं.

मग ते गुडघ्यावर बसून फरश्या वाजवत सुटले. भरीव, भरीव, भरीव. दारापाशी आल्यावर एक पोकळ वाजली. बाबांचं तोंड उतरलं. "त्या दिवशी दर कमी केल्याचं कळलं होतं," ते म्हणाले, "राग आला होता. म्हटलं, कोण बघतंय."

"आता बघितलं ना," मावशी म्हणाली. "बस. उठा आता. सगळे जरा बाहेर व्हा."

"कुठे बाहेर?" आई म्हणाली. "डबे लावायचेत अजून."

"बाहेर. जिन्यापाशी."

मला कळलं. मी आईचा एक हात धरला, बाबांचा एक, आणि दोघांना ओढत बाहेर आणलं. आईच्या काखेत अजून तो बिस्किटांचा डबा होता. तो ती का घेऊन आली होती आणि तो कुणाला द्यायचा होता, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग दार असं आपटलं की जिन्यातला बल्ब हलला. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी मूल रडायला लागलं. "चौकट जाईल," बाबा पुटपुटले. आई पुढे झाली, काय झालं म्हणायला तिचं तोंड उघडलंसुद्धा होतं. मी तिला मागे ओढलं.

मावशी आत. आम्ही तिघं बाहेर. वाजवावं की नाही ते कळेना. हसावं की काय ते कळेना. थोड्या वेळाने आतून कडी लावल्याचा आवाज आला, आणि मग मावशीचा आवाज, अगदी परक्या माणसाला विचारावं तसा.

"कोण आहे?"

मी तोंड उघडलं आणि पुन्हा तसंच झालं. एकच शब्द हवा होता. आईने डबा दुसऱ्या काखेत घेतला. शेवटी बाबा दाराजवळ गेले आणि बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली.

"फरशीवाला," ते म्हणाले. "दाराजवळची एक पोकळ आहे म्हणतात."



"उद्या या," मावशी म्हणाली.